भरून आलेले कॅन

सन दोन हजार चोवीस. आषाढाचा शेवटचा पंधरवडा. आमच्या सोनईच्या बाजूला ढग यायचे, थांबायचे आणि न पडताच पुढे जायचे.

हे किस्से त्या पावसाळ्यात साठले. किस्सा एकटा राहत नाही. आपण एक सांगायला घेतला की शेजारी बसलेला आपला आणून त्यात टाकतो. मग तिसरा, मग चौथा. तळ्यातल्या माशांचंही तसंच होतं, पण ते पुढे येईल.

आधी माणसं सांगतो. आम्ही सहा-सात जण शेततळ्यात माशांची पिल्लं वाढवतो. पावसाळ्याच्या तोंडाला बारीक बीज आणायचं, तळ्यात सोडायचं, पेंड आणि कोंडा घालायचा. बोटाएवढं झालं की त्याला बोटुकली म्हणतात. ती व्यापारी घेऊन जातो, मोठ्या पाण्यात सोडायला. आमचं काम बोटाएवढं होईपर्यंत. सकाळी सगळे माझ्या तळ्याशेजारी, मोटारीच्या खोलीपाशी बसतात. चहा माझ्याकडून. म्हणून बोलण्याचा पहिला अधिकारही माझा, असं मी समजतो. ते समजत नाहीत.

माझी शाळा चौथीपर्यंत. वय सत्तरीच्या पुढे. जमीन पोरांच्या नावावर केली, तळं तेवढं माझ्याकडे ठेवलं. थोरला सुभाष त्या वर्षी बीज आणायच्या आधीच म्हणाला होता, "आण्णा, औंदा मरतूक झाली तर मासे बंद. तळ्याचं पानी डाळिंबाला घ्यायचं."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. पण त्या पावसाळ्यात रोज तांबडं फुटायच्या आत मी तळ्यावर उभा असायचो. पिल्लं वर येऊन तोंड उघडतात का, तेवढं पाहायला. पाण्यात हवा कमी पडली की पिल्लं वर येतात. वर आली की माझं तळं गेलं, असं मी धरून चाललो होतो.

०

बाजीराव माझा बांधशेजारी. मनाने मोकळा, मापाने कच्चा. त्याचं म्हणणं एकच: जास्त सोडलं तर जास्त निघेल.

मी त्याला म्हणालो, "बाजीराव, बाजरी दाट उगवली तर विरळणी करता येती. मासे कसे विरळशील?"

"आण्णा, बाजरी एका जागी उभी ऱ्हाती. मासे हिंडते-फिरते. ते आपली जागा बघून घेत्यात."

दोन वर्षांमागे त्याने तिप्पट सोडले. मासे मेले नाहीत. मेले असते तर बाजीराव शिकला असता. ते नुसते जगले. एकाचा घास दुसऱ्याने ओढायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, दुसरा पावसाळा आला, तरी मासे बोटाच्या पुढे जाईनात. डोकं मोठं, अंग सुतळीसारखं. व्यापाऱ्याने एकदा पाहिले आणि टेम्पो वळवला.

शेवटी त्याचे व्याही पाहुणे आले तेव्हा त्याने जाळं टाकलं. ताटात कालवण आलं. व्याही सभ्य माणूस. दोन मासे खाल्ल्यावर हळूच म्हणाले, "पावनं, लई कवळे धरले. वाढू द्यायचे हुते."

बाजीराव म्हणाला, "कवळे न्हाईत. म्हातारे हायेत ते."

व्याह्यांनी तिसरा मासा कडेला ठेवला. म्हणाले, "मग वयाचा मान राखाया पायजे."

०

माझी मुलगी नगरला सावेडीत राहते. चौथ्या मजल्यावर फ्लॅट. वैशाखात मी दोन दिवस गेलो होतो. जावई नोकरीत आहेत, स्वभावाने चांगले. त्यांनी हॉलमध्ये काचेची पेटी ठेवली आहे. तीत दिवा, बुडबुड्यांचं यंत्र आणि मासे. रंगीत. खायचे नाहीत, पाहायचे.

पण पाहायला पाणीच दिसत नव्हतं, इतके मासे.

जावई म्हणाले, "आण्णा, तुम्ही यातले जाणकार. रोज एखादा मरतोय. दुकानदार औषध देतो. औषध बदलून पाहिलं, खाणं बदलून पाहिलं."

मी पेटीसमोर खुर्ची घेतली. सगळे मासे वरच्या बाजूला, बुडबुड्यांपाशी गर्दी करून. खाली कुणी नाही. स्टॅंडवर एसटी लागल्यावर दाराशी होते तशी गर्दी. मी म्हणालो, "औषध बंद करा. यातले निम्मे कुणाला तरी देऊन टाका."

जावयांचं तोंड उतरलं. "कसे देऊ? सगळ्यांची बारशी झालीत. मुलांनी नावं दिलीत."

मग त्यांनी एकेक दाखवला. हा राजा, ही सोनपरी, हा इन्स्पेक्टर. खाली कोपऱ्यात एक मोठा काळा मासा होता. गर्दीत शिरत नव्हता. तोंड आवळून सगळ्यांकडे पाहत होता.

"याचं नाव काय?" मी विचारलं.

जावई दिव्याची वायर पाहायला लागले. मुलगी दूध उतू जातंय म्हणून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

मी म्हणालो, "निम्मे काढाल तेव्हा हा ठेवा."

०

ज्येष्ठात तालुक्याला शिबिर झालं. मत्स्यपालनाचं. सरकारी खोली, वर एक पंखा, खुर्च्या कमी आणि आम्ही जास्त. काही जण भिंतीला टेकून उभे, काही खिडकीत बसलेले. शिकवायला एक तरुण साहेब आले होते. चष्मा, शर्ट इन केलेला. मला वाटलं, हा काय सांगणार.

पण साहेब नीट बोलले. म्हणाले, "पिल्लू लहान असतं तेव्हा तळं मोठं दिसतं. तुम्हाला वाटतं, अजून मावतील. पिल्लू रोज वाढतं. तळं वाढत नाही. आज मोकळं वाटणारं पाणी महिन्याने अपुरं पडतं. आधी वाढ थांबते, मग लहान-मोठे असे फरक पडतात, मग एखाद्या ढगाळ पहाटे हवा संपते. सोडतानाच हात आखडता घ्या."

बाजीरावने हात वर केला. मला वाटलं, आता हा आमची अब्रू घालवणार.

"साहेब, हितं खुर्च्या तीस आन मान्सं साठ. आमी कुठं मेलो?"

सगळे हसले. साहेबही हसले. त्यांनी चष्मा पुसला आणि शिपायाला म्हणाले, "खिडक्या लावून घ्या."

शिपायाने लावल्या. दार लावलं. लाईट गेलेलीच होती. साहेब पुढे शिकवत राहिले. थोड्या वेळाने भिंतीकडचे हलायला लागले. कुणी टोपीने वारा घेऊ लागलं. कुणी सदऱ्याची बटणं सोडली. बाजीराव घामाने भिजला. शेवटी तोच उठून दारापाशी गेला आणि फटीला तोंड लावून उभा राहिला.

साहेब त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "पहाटे तळ्यात हे दिसलं तर समजायचं."

मी त्या साहेबांना हात जोडले. मी सहसा जोडत नाही.

०

आता कमलबाई. गावाच्या पश्चिमेला बुद्धविहाराजवळ त्यांची वस्ती. ती आणि बचत गटातल्या आणखी तीन बाया मिळून एक तळं चालवतात. बोलणं थोडं. आमच्या सकाळच्या बैठकीला ती येते, उभ्यानेच चहा पिते, काय ते सांगते आणि जाते.

आषाढात आम्ही बीज आणायला एकत्र टेम्पो केला. बीजवाला वाटीने मोजतो. एका वाटीतली पिल्लं समोर मोजून दाखवायची, मग पुढे नुसत्या वाट्या. शेवटी गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून तो वरची वाटी टाकतो. भाजीवाली कोथिंबिरीची काडी टाकते तशी. आमच्याकडे ही वरची वाटी कुणी सोडत नाही. उलट भांडून दुसरी घेतात. बाजीरावने तिसरी घेतली होती.

कमलबाईचं मोजून झालं. बीजवाल्याने वरची वाटी तिच्या कॅनमध्ये ओतली. तिने गाळणी घातली, तेवढी पिल्लं बाहेर काढली आणि त्याच्या हौदात परत सोडली.

बीजवाला चपापला. "ताई, वरची वाटी हाय. फुकट हाय."

"ती जेवनार फुकट हाय का?"

"आं?"

"तिला हवा लागनार, पेंड लागनार, जागा लागनार. ती माझ्या मोजलेल्यांतनंच जानार ना?"

बीजवाला माझ्याकडे वळला. "आण्णा, एवढी वर्सं धंदा करतो. वरची वाटी परत करनारं मानूस पयल्यांदा बघितलं."

मी माझी वरची वाटी आधीच नाकारली होती, पण ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिचं आलं.

बाजीराव मागून म्हणाला, "बाई, तुमाला नको तर हिकडं वता."

०

त्या पावसाळ्याची भीती कुठून आली ते आता सांगतो.

माझं बीज मी माझ्या हाताने मोजून सोडलं होतं. शिबिरातल्या साहेबांनी सांगितलं होतं त्याहूनही थोडं कमीच. तळ्याला मोकळं पाणी ठेवलं होतं. पहिले काही दिवस पिल्लं अशी फिरली की पाहत बसावं.

मग श्रावण लागला आणि एका पहाटे कडेला चार तोंडं दिसली. वर आलेली. दुसऱ्या दिवशी जास्त. पाणी हिरवं दाट होऊ लागलं. जाळीत धरून पाहिली तर एकाच दिवशी सोडलेली पिल्लं, पण एक करंगळीएवढं आणि दुसरं काडीएवढं.

मला काही कळेना. माप बरोबर होतं. चूक कुठे?

घरची म्हणाली, "तुमी रोज टक लावून बसता, त्यानं बुजली असतील." मी दोन दिवस बाभळीमागे उभं राहून पाहिलं. फरक पडला नाही.

मग मला कोंड्याचा संशय आला. भाताचा कोंडा मी अकोले तालुक्यातल्या एका गिरणीवाल्याकडून आणतो. ओळखीचा माणूस. त्याला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. जुना माल देतो, बुरशी लागलेला देतो, म्हाताऱ्याला फसवतो, असं सगळं सुनावलं.

तो शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "आण्णा, त्याच पोत्यातला कोंडा माझी म्हैस खाती. आत्ता समोर उभी हाय."

"मग?"

"तिनं वर तोंड करून आ केला की लगेच फोन करतो."

सुभाष मागे उभा होता. तो हसला नाही. तळ्याकडे पाहून डाळिंबाकडे गेला. त्या दिवशी त्याने तळ्याजवळ पाइपाचं भेंडोळं आणून टाकलं. डाळिंबापर्यंत पुरेल एवढं. मला विचारलं नाही. सांगितलंही नाही.

०

आता कॅनचं.

बीज हवा भरलेल्या पिशव्यांतूनही मिळतं, पण आमच्या रस्त्यावर पिशवी घरापर्यंत टिकत नाही. माझ्याकडे रुंद तोंडाचे, झाकणाचे पांढरे कॅन आहेत. ते सगळे नेतात. बीज आणायला, एका खड्ड्यातून दुसऱ्यात टाकायला. मी कधी नाही म्हणालेलो नाही.

आमच्याकडे शेजारच्या घरातून भांडं आलं की ते रिकामं परत जात नाही. त्यात काहीतरी घालायचं. मूठभर शेंगा, गुळाचा खडा, दोन लिंबं. काहीच नसेल तर चिमूटभर साखर. माझ्या आईने कधी रिकामं भांडं परत पाठवलं नाही. घरचीही पाठवत नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी आभाळ गच्च होतं. तळ्याच्या पलीकडच्या बांधावर बाजीराव वाकलेला दिसला. माझा पांढरा कॅन तळ्यात उपडा करत होता.

"काय वततो रं?"

तो दचकला. "काय न्हाई. कॅन आनलाय परत."

"त्यात काय हुतं?"

"दोन मुठी. माझ्या तळ्यातली."

"माझ्या तळ्यात?"

त्याला माझं विचारणंच कळेना. "आण्णा, रिकामा आनू का? तुमच्या घरातनं आमाला कधी रिकामं भांडं आलंय का?"

मी खोलीपाशी येऊन बसलो. एकेकाला विचारलं. सगळ्यांनी तेच केलं होतं. ज्याने कॅन एकदा नेला त्याने दोन मुठी. ज्याने दोनदा नेला त्याने दोनदा. कुणी मला सांगितलं नव्हतं, कारण भांड्यात काय घातलं ते कुणी बोलून दाखवत नाही. एकाने तर कॅन नेलाच नव्हता. त्याला वाईट वाटलं, म्हणून रोजच्या चहाबद्दल त्याने ओंजळभर सोडली होती.

एवढीशी पिल्लं एका मुठीत किती मावतात ते मूठ भरताना कळत नाही. बोटाएवढी झाली की कळतं.

बाजीराव माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "आण्णा, कमी झाली का? अजून आनू?"

०

दुसरा दिवस उजाडलाच नाही म्हणावं असं आभाळ. तळ्यावर गेलो तर पाणी दिसेना. नुसती तोंडं. उघडझाप, उघडझाप. पावसाचे थेंब पडताना पाणी जसं दिसतं तसं, पण थेंब नव्हते.

लाईट नव्हती, मोटार चालेना. मी ओरडलो. सगळे आले. बांबू घेऊन पाणी बडवायला लागलो, हवा मिसळावी म्हणून. बाजीरावने धोतर खोचलं आणि तळ्यातच उतरला. तळाला प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं, पाय घसरतात, म्हणून कमरेला दोर बांधला. छातीएवढ्या पाण्यात जाऊन तो दोन्ही हात आपटू लागला.

"आण्णा, मला पवता येत न्हाई बरं का!"

"लई बरं. तसाच हात मारत ऱ्हा."

सुभाष आला. त्याने पाण्याकडे पाहिलं, पाइपाच्या भेंडोळ्याकडे पाहिलं. मग गेला आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन ट्रॅक्टरला बांधून घेऊन आला. तेच भेंडोळं सोडलं. तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून तळ्यात पाडायला सुरुवात केली. पाण्याखाली पिल्लांची झुंबड उडाली.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. निम्मी काढायला हवी होती, आणि तीही लगेच. कुठे टाकायची? बाजीरावच्या तळ्यात आधीच जत्रा. बाकीच्यांनी वरच्या वाट्या भांडून घेतलेल्या. जागा एकाच तळ्यात होती.

मी पांढरा कॅन हातात घेतला आणि कमलबाईच्या दारात जाऊन उभा राहिलो.

इथे एक सांगायला हवं. माझ्या लहानपणी त्यांच्या वस्तीत आणि आमच्या वस्तीत भांडी इकडची तिकडे जात नव्हती. का, ते सांगायची गरज नाही. आमच्या घरून त्यांना ताक वरून ओतायचे. आता ते राहिलेलं नाही, असं आम्ही म्हणतो. पण कमलबाईने माझा कॅन कधी मागितला नाही. स्वतःचे घेतले. निळे.

ती दारात भांडी घासत होती.

"बसा, आण्णा."

"बसत न्हाई."

मी कुणाकडे काही मागितलेलं नाही. कसं मागतात ते मला माहीत नव्हतं. मी कॅन या हातातून त्या हातात घेतला.

"पिल्लं वर आली?" तिनेच विचारलं.

मी मान हलवली.

"किती काढायची?"

"निम्मी."

तिने हात पुसले. गटातली शांताबाई तिथेच होती. ती म्हणाली, "बाई, आपल्या पिल्लांचा घास कमी व्हईल. आपन तर मोजून सोडल्यात."

"घास कमी पडला तर बारीक ऱ्हातील. हवा कमी पडली तर मरतील. त्यांची मरत्यात." कमलबाई माझ्याकडे वळली. "पन आण्णा, लई दिस न्हाई. मग आमचीबी जातील."

तिने तिचे दोन निळे कॅन उचलले आणि माझ्या पुढे चालू लागली.

दुपारपर्यंत आम्ही पिल्लं वाहिली. कुणी मोजली नाहीत. संध्याकाळी वारा सुटला, आभाळ फुटलं. माझ्या तळ्यातली तोंडं खाली गेली.

मेली ती घमेल्यात गोळा केली. सुभाष घमेल्यापाशी उभा राहिला. मला वाटलं, आता बोलणार.

तो म्हणाला, "एवढी पिल्लं तर कोंबडीचीबी मरत्यात."

आणि इंजिन परत न्यायला लागला. पाइप तळ्यावरच राहू दिला.

०

त्यानंतर मी पहाटे आधी कमलबाईच्या तळ्यावर जायचो, मग माझ्या. तिच्या तळ्यावर मला जास्त भीती वाटायची. माझी मेली असती तर माझी होती. शांताबाई रोज तिथे असायची. पेंडीची पाटी माझ्यासमोर उपडी करून दाखवायची. संपली, म्हणून. मग मी माझ्या पेंडीचं पोतं नेऊन ठेवू लागलो. पण हवेचं पोतं मिळत नाही.

भाद्रपदात व्यापारी आला. माझ्या तळ्यातली बोटुकली पाहून खूश झाला, बरीचशी घेऊन गेला. मग तो कमलबाईच्या तळ्यावर गेला. तिची पिल्लं माझ्या आधी तयार व्हायची होती. त्याने जाळीत धरली, पाहिली आणि सोडून दिली.

"अजून बारीक हायेत, ताई. पुढच्या खेपंला बघू."

ती "बरं" म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच दिवशी मी सगळ्यांना घेऊन तिच्या तळ्यावर गेलो. जाळं ओढलं. आणि तिथे पंचाईत झाली. रोहू तिचेही, रोहू माझेही. सगळे मिसळलेले.

शांताबाई म्हणाली, "आता तुमची कोन्ती आन आमची कोन्ती?"

बाजीराव म्हणाला, "आण्णांनी हाक मारावी. त्यांची असतील ती घाबरून खाली बसतील."

बाया हसल्या. शांताबाईसुद्धा हसली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

मी जाळ्यापाशी बसलो आणि निवडायला लागलो. जाड, चांगली बोटुकली पाण्यात सोडायची. काडीसारखी असतील ती माझ्या कॅनमध्ये. एक कॅन भरला, दुसरा भरला.

शांताबाई पाहत होती. "आण्णा, तुमी बारीकच का घेता?"

"माझी बारीकच हुती."

"सगळी?"

"सगळी."

कमलबाई बांधावर उभी होती. तिने माझ्या भरलेल्या कॅनकडे पाहिलं. पाणी मोकळं दिसेपर्यंत मी काढत राहिलो. कॅन वाहायला बाजीराव होता. प्रत्येक खेपेला विचारायचा, "आण्णा, ही खरंच तुमची?" चौथ्या खेपेला मी त्याला गप्प बस म्हणालो.

आश्विनात व्यापारी पुन्हा आला. कमलबाईच्या तळ्यावर टेम्पो लागला आणि भरून गेला. माझी बारीक तळ्यातच राहिली. मोकळ्या पाण्यात तीही वाढायला लागली होती. सुभाषने तळ्यावर येऊन विचारलं, "पुढच्या साली बीज कवा आनायचं?" मी म्हणालो, "सांगतो."

०

राहिले ते दोन निळे कॅन. त्या सकाळपासून माझ्याकडेच होते.

मी ते द्यायला निघालो तेव्हा घरचीने अडवलं. एकात शेंगा भरल्या, दुसऱ्यात गूळ आणि नवी बाजरी. म्हणाली, "त्या बाईनं आपलं तळं राखलं. कॅन असे जड जाया पायजेत."

मी नाही म्हणालो नाही. दोन रिकामी पोती काखेत मारली आणि कॅन घेऊन निघालो.

बाजीराव बांधावर होता. कॅन पाहून त्याला बरं वाटलं. "हां. आता शोभतंय," म्हणाला.

पुढच्या बाभळीखाली मी थांबलो. वरची वाटी हौदात परत सोडणारी कमलबाई मला आठवली. शेंगा पोत्यात ओतल्या. गूळ, बाजरी दुसऱ्या पोत्यात. पोती तिथेच झाकून ठेवली. पाटाच्या पाण्यात दोन्ही कॅन धुतले, फडक्याने आतून पुसले, झाकणं लावली.

पुढची वाट मला लांब वाटली. माझ्या घरातून निघालेलं भांडं, त्यांच्या वस्तीत, आणि रिकामं. माझी आई असती तर तिने मला घरात घेतलं नसतं. आणि कमलबाईला ते कसं वाटेल, तेही मला सांगता येत नव्हतं. दोनदा मागे वळावं असं वाटलं. वळलो नाही.

ती दारातच होती. शांताबाई शेजारी धान्य निवडत बसली होती. मी कॅन खाली ठेवले.

शांताबाईने एक उचलून पाहिला. तो हलका लागला. तिचे हात थांबले. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कमलबाईकडे.

कमलबाईने दोन्ही झाकणं उघडली. आत पाहिलं. एक कॅन उलटा केला आणि त्याच्या तळावर थाप मारली.

"फिटलं, आण्णा," ती म्हणाली.